सतरा, सहावा क्रॉस, चौथा मेन

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळून तिसऱ्यांदा तेच विचारलं.

"अम्मा, ब्लॉक कौनसा?"

"ब्लॉक लिहिलेला नाही," मी माझ्या शाळेतल्या हिंदीत सांगितलं. "सतरा नंबर, सहावा क्रॉस, चौथा मेन, जयनगर. एवढंच आहे."

"जयनगर में नौ ब्लॉक हैं अम्मा. हर ब्लॉक में क्रॉस, हर ब्लॉक में मेन. और अल्ला ने दिमाग एकीच दिया मेरेकू."

माझ्या शेजारी अण्णा बसले होते. त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा जुना डबा होता. त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. सव्वाआठ झाले होते.

"नऊ तर नऊ," ते म्हणाले. "एकपासून सुरू करा. नाव काय तुमचं?"

"बाशा."

"चला बाशाभाई."

१९८५ सालचा सप्टेंबर होता. आम्ही भुसावळहून दोन गाड्या बदलून त्या सकाळी बंगलोरला उतरलो होतो. दोघांनीही हे शहर पूर्वी पाहिलेलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ हेमराज तिथल्या एका कारखान्यात फिटर होता आणि त्याच दिवशी दुपारी अडीचच्या गाडीने मद्रासला जाणार होता. तिथून विमानाने कुवेतला. पत्रात त्याने लिहिलं होतं, "नऊ तारखेला दुपारी एकपर्यंत मी घरी आहे. अण्णा आले तर पाया पडून जाईन. नाही आले तर समजेन, आणि पुन्हा लिहिणार नाही."

चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा हेमराजला केलेली तार उशिरा मिळाली. तो आला तो चौदाव्या दिवशी, तेरावंही होऊन गेल्यावर. अण्णांनी दार अर्धं उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडी गेली." मग दार लावलं. मी आत स्वयंपाकघरात होते. हेमराज किती वेळ पायरीवर बसला होता ते मला माहीत नाही. मी बाहेर आले तेव्हा पायरी रिकामी होती.

नंतरच्या वर्षांत त्याची तीन पत्रं आली. तिन्ही अण्णांनी न फोडता बंबात घातली. हे चौथं मात्र त्यांनी फोडलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. दोन दिवस ते आरशामागे खोचलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तेही बंबात गेलं. मी पत्ता उतरवून घेतला आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पत्राबद्दल नऊ दिवस ते काही बोलले नाहीत. सात तारखेला संध्याकाळी मी पेपर तपासत असताना ते काळा कोट घालून दारात उभे राहिले.

"पत्ता उतरवला होतास ना?"

"हो."

"मला वाटलंच. चल."

स्टेशनवर मी म्हटलं, तार करू. ते म्हणाले, "गाडी सुटल्याशिवाय सुटली म्हणून कळवत नसतात." मग म्हटलं, निदान तिथे उतरल्यावर स्टेशनवरच थांबू, अडीचच्या गाडीला तो येईलच. त्यावर ते रागावले. "स्टेशनवर उभ्याउभ्या भेटायला तो काय पाहुणा आहे? त्याच्या घरी जाईन. मी दार वाजवणार, तो उघडेल."

अण्णा रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते. सगळी नोकरी लहान लहान स्टेशनांवर गेली. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला विचारायचं, त्याने होकार दिला की तो त्याच्याच तोंडून परत वदवून घ्यायचा, वहीत लिहायचा, मगच सिग्नल द्यायचा, ही पस्तीस वर्षांची सवय. निवृत्त झाल्यावर ते भाजीवाल्याकडूनही भाव दोनदा वदवून घेत. मला त्याची लाज वाटे.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. गाडीत मी त्यांना वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून दाखवली होती. "हे बघा अण्णा, मेन म्हणजे उभ्या रेषा, क्रॉस म्हणजे आडव्या. आलेखासारखं शहर आहे. सहा आणि चार सांगितले की एकच बिंदू मिळतो. कुणाला विचारायची गरजच नाही."

"कुणाला विचारायचंच नाही?" ते म्हणाले होते. "असं कसं शहर असेल?"

पहिल्या ब्लॉकमधलं सतरा नंबरचं घर पांढरं, नीटनेटकं होतं. रिक्षातून उतरून अण्णांनी डबा माझ्याकडे दिला, कोटाची तिन्ही बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि डबा परत घेतला. डब्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड होते. हेमराज त्या न भाजता, कच्च्याच खायचा, म्हणून आई त्याच्यापासून त्या लपवून ठेवत असे. मोडू नयेत म्हणून अण्णांनी डब्यात आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला होता. दोन रात्रींच्या प्रवासात त्यांनी तो डबा खाली ठेवला नव्हता.

दार एका वृद्ध गृहस्थांनी उघडलं. हेमराज भारंबे हे नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली.

"इथे कुणी भाडेकरू?" अण्णांनी विचारलं. "वरच्या मजल्यावर? मागे?"

"कुणी नाही. मी आणि माझी बायको."

"नक्की?"

गृहस्थ हसले. "बायको नक्की आहे."

दुसऱ्या ब्लॉकमध्ये सतरा नंबरला मोकळा प्लॉट होता. वाळूच्या ढिगावर कुत्रं झोपलं होतं. अण्णा कुंपणाशी बटणं लावलेल्या कोटात थोडा वेळ उभे राहिले. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेले.

"सहाव्या क्रॉसवर सतरा नंबर अजून कुठे आहे?"

"उधर," इस्त्रीवाल्याने कोळशाची इस्त्री हवेत फिरवली.

"उधर म्हणजे डावीकडे की उजवीकडे?"

"सीधा जाके लेफ्ट."

"परत सांगा."

त्याने परत सांगितलं आणि बाशाला हळूच विचारलं, "साहब पोलीस के हैं क्या?"

"रेल्वे के," बाशा म्हणाला. "पोलीस से भी कडक."

मी रिक्षातूनच म्हटलं, "अण्णा, असं प्रत्येकाला विचारत बसलो तर एक वाजेल. क्रमाने जाऊ. तिसरा ब्लॉक."

"तो माणूस रोज इथे कपडे नेतो-आणतो," अण्णा म्हणाले. "त्याला घरं ठाऊक असतात."

"पत्ता ठाऊक असला की माणसं लागत नाहीत."

ते चढून बसले. गुडघा वाकवताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि बसल्यावर लगेच हात काढला.

तिसऱ्या ब्लॉकमध्ये चौथा मेन मध्येच संपत होता आणि पुढे पाचवा सुरू होत होता. बागेभोवती वळसा घालून बाशाने तो शोधून काढला. सतरा नंबरला टायपिंगचे वर्ग होते. आतून मशिनांचा एका लयीतला आवाज येत होता. शिकवणाऱ्या बाईंनी वर्ग थांबवून मुलींना विचारलं, इथे कुणी हेमराज राहतो का. मुली हसायला लागल्या. अण्णाही त्यांच्याबरोबर हसले. बाहेर येताना मला म्हणाले, "साडेदहा."

चौथ्या ब्लॉकमध्ये बाजार होता आणि तिथे पाऊण तास गेला. पाचव्यात सतरा नंबरच्या घराला कुलूप होतं. अण्णांना ते कुलूप पटेना. त्यांनी खिडकीतून आत वाकून पाहिलं. शेजारच्या बाईंनी हातवारे करून सांगितलं की घरमालक दिल्लीला असतात, घर दोन वर्षं बंद आहे. या वेळी अण्णांनी कोटाची बटणं लावली नव्हती, हे मला परत येताना दिसलं.

बाशा म्हणाला, "अब्बाजान, एक बात बोलूं? बुरा नक्को मानो. लड़का पता आधा क्यों लिखता?"

अण्णांनी घड्याळ पाहिलं.

पावणेबाराला एका वळणावर पोस्टमन भेटला. सायकलला लाल पेटी, खांद्यावर थैली. सरकारी माणूस पाहून अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी आपलं नाव, हुद्दा, शेवटचं स्टेशन सगळं सांगितलं. पोस्टमनने सायकल स्टँडवर लावली.

"पत्र आहे का बरोबर? शिक्का बघून सांगतो कुठल्या पोस्टाचं ते."

"पत्र नाही. मुलीने डायरीत उतरवून घेतलंय."

"मग जयनगर नक्की ना? कारण सहावा क्रॉस, चौथा मेन सगळीकडे असतात. मल्लेश्वरमला आहे, इंदिरानगरला आहे, राजाजीनगरला आहे. बाहेरगावची माणसं नेहमी चुकतात. रोज एक तरी भेटतो मला."

"माझी मुलगी फिजिक्सची मास्तरीण आहे," अण्णा म्हणाले. "तिने लिहिलं ते लिहिलं." मग माझ्याकडे वळले. "काय लिहिलंय, बाई? वाच बरं परत."

मी डायरी उघडली आणि वाचलं. "सतरा, सहावा क्रॉस, चौथा मेन, जयनगर."

"जयनगर."

"हो."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले आणि डायरी मिटली.

पोस्टमनने खांदे उडवले. "मग राहिलेले ब्लॉक बघा."

राहिलेले ब्लॉक आम्ही पाहिले. सातव्यात एका घरातून मराठी बाई बाहेर आल्या. कित्येक वर्षांनी गावाकडचं कुणी भेटावं तसा अण्णांचा हात त्यांनी धरला, चहाचा आग्रह केला. अण्णा "पुन्हा येऊ" म्हणाले. आठव्यात एक माणूस आंघोळीच्या टॉवेलवर दारात आला आणि खेकसला. नवव्यात सहावा क्रॉस आम्हाला मिळालाच नाही. बाशाने रिक्षा झाडाखाली लावली. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

अण्णा म्हणाले, "निघाला असेल तो घरून. स्टेशनवर चला."

वाटेत दोन ठिकाणी वाहतूक अडली. बाशाने फुटपाथवरून रिक्षा काढली आणि पोलिसाची शिवी खाल्ली. अण्णा समोर पाहत होते. एकदा म्हणाले, "गाडी प्लॅटफॉर्मवर अर्धा तास आधी लागत असेल. तेवढ्यात सगळे डबे बघून होतील."

मद्रासची गाडी एक नंबरला लागलेली होती. मी इंजिनाकडून सुरुवात केली. प्रत्येक खिडकीत पाहत, प्रत्येक दारात चढून नाव घेत गेले. चार वर्षांत तो बदलला असेल, दाढी ठेवली असेल, असं मनाशी धरून मी तरुण मुलांचे चेहरे पाहत होते. काहींनी उलट माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

अण्णा माझ्याबरोबर आले नाहीत. ते सरळ ड्युटीवरच्या असिस्टंट स्टेशन मास्तरच्या खोलीत गेले. मी परत आले तेव्हा त्या खोलीतला तरुण माणूस त्यांच्यासमोर उभा होता आणि त्यांना "सर" म्हणत होता. दोन वाजून दहा मिनिटांनी घोषणा झाली. आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, मग हिंदीत. "श्री हेमराज वामन भारंबे, भुसावळवाले, आपके पिताजी प्लॅटफॉर्म नंबर एक पर, स्टेशन मास्टर के दफ्तर के सामने खड़े हैं." मग पुन्हा तिन्ही भाषांत. मग पुन्हा.

अण्णा खोलीबाहेर येऊन उभे राहिले. मी बाक दाखवला तर म्हणाले, "बसलो तर दिसणार नाही." त्यांनी कोटाची तिन्ही बटणं लावली होती. डबा दोन्ही हातांत, छातीशी. गर्दी त्यांना दोन्ही बाजूंनी घासून जात होती आणि ते गुडघा ताठ ठेवून उभे होते. प्रत्येक घोषणेनंतर ते डावीकडे पाहायचे, मग उजवीकडे.

अडीचला गाडी हलली. एकेक डबा पुढून गेला. शेवटचा डबा आला तेव्हा अण्णांनी बिबड्यांचा डबा काखेत धरला आणि उजवा हात वर केला. गाडी पूर्ण गेली, सगळं ठीक आहे, हे स्टेशनवरच्या माणसाने गार्डाला दाखवायचं असतं. गार्डानेही सवयीने हिरवं निशाण दाखवलं. गाडी वळणाआड गेल्यावर अण्णांनी हात खाली घेतला आणि ते बाकावर बसले.

"घोषणा नीट ऐकू येत होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गाडीत आत?"

"आतही येत होती. मी आत होते."

"मग त्याने ऐकलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. प्लॅटफॉर्म रिकामा होत होता. झाडूवाली आमच्या पायांपाशी येऊन थांबली, आम्ही पाय वर घेतले.

"पत्ताही खोटाच दिला त्याने," अण्णा म्हणाले. "म्हातारा येतो का, आणि आला तर कसा फिरतो. बरोबर आहे. मीही दार लावलंच होतं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "खोटाच असेल ना?"

माझी पर्स मांडीवर होती. पर्समध्ये डायरी होती. डायरीत, एकोणतीस ऑगस्टच्या पानावर, पेन्सिलने लिहिलेलं होतं: १७, ६, ४. याखेरीज काही नव्हतं.

त्या दिवशी अण्णा आंघोळीला गेले होते आणि न्हाणीघराची कडी केव्हाही वाजली असती. मी आरशामागचं पत्र काढून तेवढं उतरवलं होतं. प्रयोगशाळेत हीच शिस्त असते. आकडे विसरतात, म्हणून वाचन आधी टिपायचं. एकक काय, कुठलं उपकरण, ते डोक्यात असतं, ते नंतर भरायचं. नंतर भरायला पत्र राहिलं नव्हतं. शेवटी कुठलंसं नगर होतं आणि त्याआधी ब्लॉकचा आकडा होता, एवढं आठवत होतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंची बहीण जयनगरला राहायची. बंगलोरमधलं तेवढंच नाव मला ठाऊक होतं. अण्णांनी गाडीत पत्ता विचारला तेव्हा ते माझ्या तोंडून आपोआप, अगदी खात्रीने आलं. एकक लिहिलं नाही म्हणून मी मुलांचा अर्धा गुण कापत असे.

आणि पावणेबाराला त्या पोस्टमनने आणखी तीन नावं घेतली. त्यातलं राजाजीनगर ऐकताच पत्रातली ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहिली. हेमराजचं तिरकं अक्षर, तिसरा ब्लॉक, राजाजीनगर. तेव्हा सव्वा तास हातात होता. त्यानंतर अण्णा म्हणाले होते, तिने लिहिलं ते लिहिलं.

"असेल," मी म्हणाले.

अण्णांनी मान हलवली.

परतीच्या गाडीत त्यांनी डबा सीटखाली सरकवला. भुसावळला उतरल्यावर मी म्हटलं, "अण्णा, डबा राहिला." गाडी अजून उभी होती. ते म्हणाले, "राहू दे."

हेमराजचं पत्र त्यानंतर आलं नाही. मी राजाजीनगरच्या पत्त्यावर लिहू शकले असते. घरमालकाने ते पुढे पाठवलं असतं, हेमराजने उत्तर दिलं असतं. आमच्याकडे टपाल अकराला यायचं, तेव्हा मी शाळेत असायचे आणि अण्णा ओट्यावर. उत्तर त्यांच्याच हातात पडलं असतं. पुढची अकरा वर्षं मी लिहिलं नाही. अण्णा हेमराजबद्दल कुणाला काही बोलले नाहीत. क्वचित कुणी विचारलं तर म्हणायचे, "परदेशात असतो. भेटायला गेलो होतो आम्ही."

अण्णा गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात मी बंगलोरला गेले. स्टेशनपासून प्रत्येक वळणावर विचारत गेले आणि प्रत्येकाकडून परत वदवून घेतलं. पाऊण तास लागला.

सतरा नंबरच्या घराला खाली छोटा व्हरांडा होता आणि बाजूने वर जाणारा अरुंद लोखंडी जिना. घरमालकीण सरोजम्मा साठीच्या होत्या. मोडक्या हिंदीत बोलायच्या. हेमराज म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही बहीण," त्या म्हणाल्या. "आणि वडील?"

"गेले."

त्यांनी व्हरांड्याच्या कडेला ठेवलेल्या वेताच्या खुर्चीकडे बोट केलं. "ती त्याने त्या दिवशी सकाळी सहाला माझ्याकडून मागून घेतली. फाटकाशी नेऊन ठेवली. वडिलांचा गुडघा दुखतो, जिना चढता येणार नाही, इथेच बसवतो म्हणाला. मी म्हटलं, कधी येणार? म्हणाला, वेळेवर येतील, ते रेल्वेत होते."

"गाडी अडीचची होती," मी म्हणाले.

"मी दहा वेळा सांगितलं, जा. एकला सांगितलं, दोनला सांगितलं. म्हणायचा, मी निघालो आणि आले तर? अडीचला इथे फाटकाशीच उभा होता. गाडी सोडून दिली त्याने. चारला बस होती, तिने गेला. जाताना खुर्ची धुऊन जागेवर ठेवली."

कुवेतहून त्यांना एकदा दसऱ्याचं कार्ड आलं होतं. त्यांनी ते शोधून आणलं. मी त्यावरचा पत्ता उतरवून घेतला, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्या पत्त्यावर पाठवलेलं माझं पत्र पुढे तीन महिन्यांनी न फोडलेलं परत आलं.

सरोजम्मांनी खुर्ची पदराने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "लांबून आलात."

मी उभीच राहिले.